बुडबुडे मोजण्यापेक्षा मासे बघा : प्लांटेड टँकच्या गॅसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माशांच्या टँकमधल्या झाडांवर लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल आहेत, सीओटू, म्हणजे सिलेंडरमधून पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड. म्हणून ह्या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण तिथे चूक झाली की मासे मरतात म्हणून मुद्दाम लांब ठेवलीत, घाईत चाळू नका एवढंच सांगणं आहे.

प्रश्न : माझ्याकडे अनुबियास, जावा फर्न आणि थोडं मॉस आहे, वर्षभर छान चाललंय. पण सगळे म्हणतात सीओटू नसेल तर तो प्लांटेड टँकच नाही. लावू का?

नका लावू. ही तिन्ही झाडं हळू वाढणारी, कमी उजेडात खूश असणारी, त्यांना जेवढा कार्बन लागतो तेवढा माशांच्या श्वासातून आणि तळाच्या कुजणाऱ्या कचऱ्यातून मिळतो. गॅस न लावलेल्या टँकमध्ये साधारण २ ते ३ पीपीएम (म्हणजे दहा लाखात २ ते ३ भाग) सीओटू असतो आणि तुमची झाडं त्यात वर्षभर टिकली म्हणजे तो त्यांना पुरतोय.

गॅसची गरज कधी लागते ते सांगतो. झाडाचं सुकं वजन घेतलं तर त्यातला ४० टक्क्यांच्या वर भाग कार्बनचा असतो. जमिनीवरच्या झाडाला तो हवेतून सहज मिळतो, पण पाण्यात हा वायू हवेपेक्षा जवळजवळ १०,००० पट हळू सरकतो, त्यामुळे पानाभोवतीचा साठा संपला की नवीन यायला वेळ लागतो. आता तुम्ही तळाला गालिच्यासारखी पसरणारी क्यूबा किंवा ग्लोसोस्टिग्मा लावली, लाल रोटाला लावली आणि त्यासाठी वर जोरदार लाइट टांगला, की झाडाची भूक वाढते पण ताटात काही नसतं. तेव्हा गॅस पाहिजे. जपानच्या ताकाशी अमानो ह्यांचे टँक बघून बहुतेक जण ह्या छंदात आले, मी पण, आणि तसला दाट हिरवा तळ गॅसशिवाय होणं फार अवघड. पण जावा फर्नवर प्रेम असेल तर ते तसंच राहू द्या, कोणी कमी लेखलं म्हणून सिलेंडर आणायची काही गरज नाही.

प्रश्न : दादा, सिलेंडर, रेग्युलेटर, नळी, डिफ्यूजर सगळं आणून महिना झाला पण जोडायची भीती वाटते. आधी काय आणि मग काय, एकदा नीट सांगा ना.

भीती वाटतेय हे चांगलंच आहे, कारण २० डिग्रीला ह्या सिलेंडरच्या आत साधारण ५७ बार दाब असतो, म्हणजे ८३० पीएसआयच्या आसपास, आणि खोली ३० डिग्रीला गेली की तोच ७२ बारपर्यंत चढतो. पण क्रम पाळला तर ह्यात अवघड काही नाही, एक निवांत दुपार काढा आणि सावकाश करा.

सगळ्यात आधी सिलेंडर उभा करा आणि पट्ट्याने किंवा साखळीने कपाटाला बांधून टाका. आडवा कधीच वापरायचा नाही. आत सीओटू द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ, आपल्याला फक्त वाफ पाहिजे, आडवा केला तर द्रव सरळ रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि तो खराब होतो. मग रेग्युलेटरचे, म्हणजे सिलेंडरचा दाब कमी करून देणाऱ्या भागाचे, आटे सिलेंडरच्या आट्यांशी जुळतात का ते हाताने फिरवून बघा, वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे आटे चालतात आणि ऑनलाइन मागवलेला रेग्युलेटर कधीकधी बसतच नाही, तेव्हा जबरदस्ती करून घट्ट करायचा प्रयत्न करू नका, योग्य अ‍ॅडॅप्टर आणा. ह्या जोडात एक छोटा वॉशर असतो, तो आहे ना आणि चिरलेला नाही ना ते बोटाने चाचपून बघा. इथे टेफ्लॉन टेप लावायची नाही, हा जोड वॉशरने बंद होतो, आट्यांनी नाही, आणि टेपमुळे उलट वॉशर नीट दबत नाही. मग पान्याने घट्ट करा, घट्ट म्हणजे पक्कं बसेपर्यंत, सगळं अंग टाकून नव्हे.

आता मेन व्हॉल्व्ह उघडण्याआधी दोन गोष्टी. रेग्युलेटरवर दाब ठरवायचा जो नॉब आहे तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पूर्ण सैल करा आणि नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे पुढे किती गॅस जायचा ते बारीक ठरवणारा व्हॉल्व्ह, बंद करा. हे विसरलं की उघडताक्षणी सगळा दाब पुढे जातो आणि नळी निसटते नाहीतर बबल काउंटर, म्हणजे जाणारे बुडबुडे मोजायची पाण्याची छोटी नळी, फुटतो. मग गेजच्या समोर तोंड न ठेवता बाजूला उभं राहून मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, सिलेंडरच्या बाजूचा काटा वर चढेल. आता नॉब घड्याळाच्या दिशेने थोडा थोडा फिरवत दुसरा काटा २ बारच्या आसपास आणा, म्हणजे ३० पीएसआय. टँकच्या आत बसणाऱ्या, गॅसचे बारीक बुडबुडे करणाऱ्या सिरॅमिक डिफ्यूजरला एवढं पुरतं, फिल्टरच्या नळीत बसणारा अ‍ॅटमायझर असेल तर थोडं जास्त लागतं. सोलेनॉइडची, म्हणजे गॅस चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची, पिन लावा, टिक असा आवाज येईल, तो चालू राहिला की हाताला गरम लागतो, त्यात काही बिघाड नाही.

नळी सिलिकॉनची घेऊ नका, त्यातून सीओटू भिंतीतून आरपार निघून जातो, पॉलियुरेथेनची किंवा सीओटूसाठीच म्हणून मिळणारी कडक नळी घ्या. नळीत चेक व्हॉल्व्ह पाहिजेच आणि त्यावरचा बाण टँककडे. हा छोटासा तुकडा नसला तर गॅस बंद झाल्यावर टँकचं पाणी नळीतून मागे उतरत उतरत सोलेनॉइडमध्ये जातं.

मग साबणाचं पाणी. ब्रशने प्रत्येक जोडावर फेस लावा आणि लगेच निघून जाऊ नका, दोन मिनिटं बसून बघा. मोठी गळती लगेच दिसते, लहान गळतीला वेळ लागतो, आधी काहीच दिसत नाही, मग वॉशरच्या कडेला मोहरीएवढा एक पांढरा ठिपका येतो, तो हळूहळू फुगतो, फुटतो, आणि त्याच जागी पुन्हा येतो. तसा ठिपका दिसला तर सिलेंडर महिन्याभरात रिकामा झाला समजा. शेवटी रात्री सोलेनॉइड बंद, मेन व्हॉल्व्ह बंद, आणि सिलेंडरच्या बाजूचा काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सकाळी काटा जवळजवळ तिथेच असेल तर जोड पक्के. खाली पडला असेल तर पुन्हा साबण घेऊन बसायचं, दुसरा इलाज नाही.

आणि हो, रेग्युलेटर काढायची वेळ येईल तेव्हा आधी मेन व्हॉल्व्ह बंद, मग आतला गॅस सोडून दोन्ही काटे शून्यावर, आणि मगच पाना.

प्रश्न : दर सेकंदाला किती बुडबुडे सोडायचे? माझा टँक १२० लिटरचा आहे. एक मित्र म्हणतो १, दुसरा म्हणतो ४.

दोघांचंही त्यांच्या त्यांच्या टँकपुरतं खरं असेल. प्रत्येक बबल काउंटरचं तोंड वेगळं, त्यामुळे बुडबुड्याचा आकार वेगळा, मग डिफ्यूजर वेगळा, पाण्याचा पृष्ठभाग किती हलतो ते वेगळं, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लागूच पडत नाही. बबल काउंटरचा उपयोग एवढाच की काल जेवढं होतं तेवढंच आज आहे का हे कळतं. सुरुवात सेकंदाला १ पासून करा आणि पुढचं पाण्याला विचारा.

पाण्याला विचारायचं म्हणजे पीएच मोजायचा. सीओटू विरघळला की पाणी थोडं आम्लधर्मी होतं आणि पीएच १ ने उतरला म्हणजे सीओटू साधारण १० पट झाला. गॅस न सोडलेल्या टँकमध्ये ३ पीपीएम धरला तर १ ने उतरल्यावर ३० पीपीएम होतो आणि झाडांसाठी बहुतेक लोक तिथेच थांबतात. करायचं असं : टँकमधलं ग्लासभर पाणी काढून दिवसभर उघडं ठेवा किंवा त्यात एअर स्टोन सोडा म्हणजे त्यातला जास्तीचा गॅस निघून जाईल, मग त्याचा पीएच घ्या. समजा ७.४ आला. आता गॅस सुरू होऊन दोन-तीन तास झाल्यावर टँकचा घ्या. ६.४ ते ६.६ च्या मधे आला की तुम्ही जागेवर आहात. पीएच पेन वापरत असाल तर आधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, बुडवून जुळवून घ्या, न जुळवलेलं पेन कितीही महाग असलं तरी खोटंच बोलतं.

पण ह्या जागेवर एका दिवसात जायचं नाही. खरी मेख इथे आहे. नीडल व्हॉल्व्ह केसभर फिरवला की त्याचा परिणाम पाण्यात पूर्ण दिसायला दोन-तीन तास लागतात, माणसाला धीर नसतो, तो अजून फिरवतो, मग अजून, आणि संध्याकाळी एकदम तिन्ही वेळचं मिळून समोर येतं. एका दिवसात एकदाच फिरवा, ते पण तुम्ही दिवसभर घरी असाल त्या दिवशी, आणि सकाळीच. माशांच्या कल्ल्यांकडे बघा. रोजच्या वेगाने हलतायत का, मासे नेहमीच्या जागी आहेत का, खायला टाकल्यावर झेपावतात का. दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील, नाहीतरी झाडांनाही नव्या परिस्थितीत रुळायला तेवढे दिवस लागतातच. आणि ३० हा काही देवाचा आकडा नाही, तुमचे मासे २० लाच अस्वस्थ दिसत असतील तर २० वर थांबा, झाडं थोडी सावकाश वाढतील, काही बिघडत नाही.

प्रश्न : गेजचा काटा पाच महिने एकाच जागी होता म्हणून मी निश्चिंत होतो. मग अचानक खाली आला आणि त्याच आठवड्यात माझे आठ मासे गेले. दोन्हीचा संबंध आहे का?

वाईट वाटलं वाचून. आणि हो, बहुतेक संबंध आहे.

काटा पाच महिने हलला नाही त्याचं कारण, सिलेंडरमध्ये थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी त्याच्यावरच्या वाफेचा दाब तेवढाच राहतो, तो फक्त तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. भरलेला असो की अर्धा भरलेला, काटा तेच दाखवतो. शेवटचा द्रव संपला की मग मात्र नुसता गॅस उरतो आणि तिथून काटा उतरायला लागतो. आता एकाच टप्प्याचा रेग्युलेटर असेल तर त्याची एक सवय आहे, मागचा दाब कमी झाला की पुढचा दाब आपोआप वाढतो. म्हणजे तुम्ही नीडल व्हॉल्व्हला हातही लावला नाही तरी बुडबुडे वाढतात, कधी थोडे, कधी भसाभस. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये पहिला टप्पा चढउतार अंगावर घेतो म्हणून पुढे जवळजवळ काही पोचत नाही, आणि म्हणूनच नवीन घेणाऱ्याला मी सांगतो की बाकी कुठेही हात आखडता घ्या पण इथे नको.

माझ्याकडे हे झालंय. सुरुवातीच्या काळात एकाच टप्प्याचा रेग्युलेटर होता, दोन दिवस बाहेरगावी जाऊन संध्याकाळी परत आलो, दार उघडलं आणि लांबूनच कळलं की काहीतरी चुकलंय, कारण टँकचा मधला भाग पूर्ण रिकामा होता. सगळे निऑन टेट्रा वरच्या काचेला लागून तोंड उघडमीट करत होते, नेहमी तळाशी असणारे श्रिम्प फिल्टरच्या पाइपवर चढून पाण्याच्या अगदी रेघेपर्यंत आले होते, आणि ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू किती आहे ते रंगाने दाखवणारी टँकमधली छोटी कुपी), जो मी जाताना हिरवा बघून गेलो होतो, तो पिवळाधम्मक. बबल काउंटरमध्ये बुडबुडे मोजताच येत नव्हते, नुसती धार. मेन व्हॉल्व्ह बंद केला, झाकण काढलं, एअर पंप लावला, अर्धं पाणी बदललं. श्रिम्प बहुतेक सगळे वाचले. टेट्रा २२ होते, सकाळी ९ राहिले. ते १३ मी एकेक करून जाळीने काढले आणि ते काम मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी काट्यावर विसंबत नाही, वजन करतो. सिलेंडरवर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, समजा ३.४ किलो, त्यात २ किलो गॅस भरलाय म्हणजे ५.४, रेग्युलेटर लावल्यावर एकदा सगळ्याचं मिळून वजन करून कागदावर लिहून सिलेंडरलाच चिकटवा. महिन्यातून एकदा वजन करा. एक किलो गॅस कमी झाला की भरून आणा, शेवटच्या थेंबापर्यंत ओढायच्या भानगडीत पडू नका. आणि वजन करणं जमत नसेल तर काटा नेहमीच्या जागेवरून उतरायला लागला त्याच दिवशी मेन व्हॉल्व्ह बंद करा, उद्यावर ढकलू नका.

परत कधी असे मासे वर दिसले तर क्रम हाच : गॅस बंद, पाणी जोरात हलवायचं, पाणी बदलायचं. पाणी हलवल्याने जास्तीचा सीओटू हवेत निघून जातो, त्याच्याइतकं लवकर काम करणारं दुसरं काही नाही.

प्रश्न : ड्रॉप चेकरमध्ये टँकचंच पाणी भरून थेंब टाकलेत, पण रंग काही केल्या नीट कळत नाही. खराब आहे का?

ड्रॉप चेकर खराब नाही, पाणी चुकलंय. त्यात टँकचं पाणी भरायचं नसतं. आत भरायचं ते ४ डिग्री केएचचं (केएच म्हणजे पाण्याचा कार्बोनेट कठीणपणा), शुद्ध पाण्यात बनवलेलं द्रावण, तयार मिळतं. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या औषधाचे, थेंब टाकायचे. टँकमधला गॅस मधल्या हवेच्या पोकळीतून ह्या द्रावणात येतो आणि त्याचा रंग बदलतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम, पिवळा म्हणजे हात आवरा. टँकच्या पाण्यात लाकडाचा अर्क, मातीतली आम्लं, फॉस्फेट असं काय काय असतं, ते सगळं पीएच बदलतं आणि त्याचा सीओटूशी काही संबंध नसतो, म्हणून हे वेगळं, ओळखीचं पाणी.

एक लक्षात ठेवा की हा रंग तास-दोन तास मागचा असतो, गॅसला ती पोकळी ओलांडायला वेळ लागतो. त्यामुळे ड्रॉप चेकर अजून हिरवा आहे पण मासे वर आलेत, अशा वेळी माशांचं ऐका. द्रावण महिन्या-दीड महिन्याने बदला. आणि मागे पांढरा कागद धरून रंग बघा, हिरव्या झाडांच्या पुढे सगळंच हिरवं दिसतं.

प्रश्न : सिलेंडर बेडरूममध्ये ठेवला तर चालेल का? रात्री दार-खिडक्या बंद असतात, खाली गादीवर लहान मूल झोपतं.

तुमच्या ह्या वर्णनात तरी माझं उत्तर नको असं आहे. हिशोब करून बघा. १ किलो सीओटूचा खोलीच्या तापमानाला साडेपाचशे लिटर गॅस होतो, म्हणजे २ किलोचा सिलेंडर ११०० लिटर. १० फूट लांब, १० रुंद, १० उंच खोलीत हवा असते साधारण २८,००० लिटर. सगळा सिलेंडर एका वेळी मोकळा झाला तर खोलीतलं प्रमाण ४ टक्क्यांच्या जवळ जातं, बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. ४ टक्क्यांला धाप लागते, डोकं ठणकतं, आणि झोपलेल्या माणसाला हे वेळेत कळेलच असं नाही. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, आधी जमिनीलगत साचतो, आणि तुमचं मूल नेमकं तिथेच झोपतं. ह्याला रंग नाही आणि घरातल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा इशारा देणारा वासही नाही.

रोज टँकमध्ये जाणाऱ्या बुडबुड्यांनी खोलीला काही होत नाही, त्याची काळजी नको. प्रश्न फक्त एकदम मोठ्या गळतीचा आहे आणि तशी गळती क्वचित होते, पण लहान मुलाच्या बाबतीत क्वचित म्हणून सोडून देता येत नाही. टँक बाहेरच्या हवेशीर खोलीत हलवता आला तर सगळ्यात उत्तम. नाहीच जमलं तर छोटा सिलेंडर घ्या, रोज रात्री मेन व्हॉल्व्हच हाताने बंद करा, खिडकी फट ठेवून उघडी राहू द्या आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर सीओटूचा अलार्म बसवा. कधी फुस्स असा मोठा आवाज ऐकू आला तर आधी मुलाला उचलून बाहेर, सिलेंडरचं नंतर.

उन्हाच्या कवडशात किंवा बंद गाडीत सिलेंडर ठेवू नका. आणि भरून देणाऱ्याला थोडा जास्त भरा असं कधीही सांगू नका, द्रवाला फुगायला वर जागा लागते.

प्रश्न : घरात आग विझवायचा जुना सीओटूचा सिलेंडर पडून आहे. तोच वापरला तर?

तसाच वापरू नका. त्याच्या आत बहुतेक वेळा तळापर्यंत जाणारी नळी असते, कारण आगीवर जोरात मारा करायचा असतो, त्यामुळे सिलेंडर सरळ उभा असूनही त्यातून द्रवच बाहेर येतो. ती नळी काढणं, व्हॉल्व्ह बदलणं, दाबाची तपासणी करणं हे सगळं गॅस सिलेंडरचं काम करणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच. घरी पाना घेऊन बसू नका, मनापासून सांगतोय.

प्रश्न : रात्री गॅस चालू ठेवला तर झाडं जास्त वाढतील ना?

नाही. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट माशांसारखीच ऑक्सिजन घेऊन सीओटू सोडतात. रात्रभर गॅस चालू म्हणजे पहाटेपर्यंत तो साचत जाणार आणि ऑक्सिजन त्याच वेळी सगळ्यात कमी असणार. सोलेनॉइड टायमरला जोडा, लाइट लागायच्या दीड-दोन तास आधी गॅस सुरू आणि लाइट बंद व्हायच्या तासभर आधी गॅस बंद.

प्रश्न : बाटलीतला लिक्विड कार्बन रोज टाकला तर सिलेंडर टाळता येईल का?

नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्या बाटलीत बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड असतं, ते मुळात जंतुनाशक आहे, शेवाळावर चालतं म्हणून टँक स्वच्छ दिसतो आणि झाडं बरी वाटतात. गॅसची जागा ते घेत नाही. व्हॅलिसनेरियासारखी झाडं त्याने विरघळतात. वापरणार असाल तर हातमोजे घालून, मापाने.

प्रश्न : गॅस लावून दोन महिने झाले आणि आता पानांच्या कडांना काळे केसाळ झुपके आलेत. गॅस लावला की शेवाळ जातं असं ऐकलं होतं, मग हे उलटं कसं?

हे फार जणांना होतं आणि बहुतेक वेळा गॅस कमी-जास्त होत राहणं हेच कारण निघतं. आज हिरवा, उद्या निळा, रविवारी आठवण झाली म्हणून व्हॉल्व्ह उघडला, मंगळवारी मासे वर दिसले म्हणून बंद केला, अशा टँकमध्ये झाडं एका लयीत वाढतच नाहीत आणि ब्लॅक ब्रश शेवाळाला मोकळं रान मिळतं. रोज २० पीपीएम हे कधी १० कधी ४० पेक्षा कितीतरी चांगलं.

तुम्ही पत्रात लिहिलंय की गॅससोबत लाइटही नवीन आणला आणि तो १० तास चालतो. आधी तो ६ तासांवर आणा, ह्या आठवड्यातच. मग डिफ्यूजर बघा, त्याची पांढरी चकती हिरवट-तपकिरी झाली असेल तर बुडबुडे बारीक राहत नाहीत, मोठे होतात आणि सरळ वर जाऊन फुटतात, म्हणजे काउंटरमध्ये तेवढेच दिसतात पण पाण्यात विरघळतात कमी. चकती पातळ ब्लीचमध्ये काही तास भिजवा, भरपूर धुवा, मग क्लोरिन काढणाऱ्या औषधाच्या पाण्यात ठेवा आणि मगच परत लावा. नंतर प्रवाह बघा. डिफ्यूजर तळाजवळ असा बसवा की फिल्टरचं पाणी त्या बारीक बुडबुड्यांच्या धुक्याला पकडून टँकभर फिरवेल. झुपके कुठे जास्त आहेत ते नीट बघितलंत तर पुष्कळदा जिथे हे धुकं पोचतच नाही तो कोपरा सापडतो. पाण्याचा पृष्ठभाग मात्र हलका थरथरता राहू द्या, गॅस वाचवायला लोक तो अगदी निश्चल करतात आणि मग ऑक्सिजनची पंचाईत होते. सीओटू भरपूर आणि ऑक्सिजनही भरपूर असं पाण्यात एकाच वेळी असू शकतं, एक वाढला म्हणून दुसरा आपोआप कमी होत नाही.

काळी झालेली जुनी पानं कापून टाका, ती काही परत हिरवी होणार नाहीत. नवीन येणारं पान स्वच्छ आहे का तेवढं बघत राहा, महिनाभर.

प्रश्न : मी आठवीत आहे. बाबांनी गॅस लावल्यापासून दुपारी पानांवर मोत्यांसारखे थेंब दिसतात आणि मग ते वर जातात. तो गॅस गळतोय का?

तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलंय कारण मला ते सगळ्यात आवडलं. तो बाबांच्या सिलेंडरचा गॅस नाही, तो ऑक्सिजन आहे, आणि तो पानांनी बनवलाय. उजेड आणि सीओटू दोन्ही भरपूर मिळाले की पान इतका ऑक्सिजन तयार करतं की आजूबाजूच्या पाण्यात अजून विरघळायला जागाच उरत नाही, मग तो पानावरच थेंबासारखा जमतो. ह्याला पर्लिंग म्हणतात.

एक करून बघ. लाइट लागल्यावर किती वेळाने पहिला मोती दिसतो ते वहीत लिही, रोज, आठवडाभर. पाणी बदललं त्या दिवशी लगेच सगळीकडे बुडबुडे दिसतील, ते धरू नकोस, नव्या पाण्यात विरघळलेली हवा पानांवर आणि काचेवर चिकटलेली असते. नीट ओळखायचं असेल तर भिंग घेऊन पानाच्या मोडलेल्या टोकाकडे किंवा कापलेल्या देठाकडे बघ, तिथून बारीक बुडबुड्यांची एक सरळ माळ निघत असते, एकामागे एक, अगदी सारख्या अंतराने. आणि ती माळ एखाद्या दिवशी उशिरा सुरू झाली तर बाबांना सांग, त्यांच्या डिफ्यूजरची चकती बहुतेक साफ करायला आली असेल.